जनरेटरवर पाण्याची मोटर चालवताना: इंदुरात नव्याने आलेल्यांसाठी

इंदुरात पाणी आणि लाईट यांची गाठ कशी बांधलेली आहे, हे नव्याने राहायला आलेल्यांना पहिल्याच उन्हाळ्यात कळते. नर्मदेचा नळ बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड येतो. पाणी खालच्या हौदात पडते, हौदातून मोटरने गच्चीवरच्या टाकीत चढते आणि टाकीतून घरोघरी उतरते. मेच्या अखेरीस एखाद्या संध्याकाळी वादळ येते, कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि लाईट जाते ती पाच-सहा तास येत नाही. हौद काठोकाठ भरलेला आणि टाकी कोरडी, अशी पंचाईत होते.

लोकमान्य नगरातल्या आठ बिऱ्हाडांच्या आमच्या इमारतीचे पाणी मी बघते. आम्ही जनरेटर दोनदा आणला आणि पहिल्यांदा चुकीचा आणला. ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचे आहे त्यांच्यासाठी सगळे क्रमाने लिहिते आहे. यातले वायरिंगचे काम परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचे. तो काय करतो आहे हे आपल्याला समजावे, एवढ्यासाठी हे वाचायचे.

आधी गरज तपासा

नर्मदेचे पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून येते, सुमारे सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ पंपांनी चढवून. १९७८ पासून हे चालू आहे. तिकडची वीज गेली की अर्ध्या शहराचा नळ येत नाही आणि तेव्हा तुमच्या दारातला जनरेटर काही करू शकत नाही. हौदात किंवा बोरिंगमध्ये पाणी आहे, फक्त ते वर चढवायला वीज नाही, एवढ्याच अडचणीवर जनरेटर हा उपाय आहे. एका कुटुंबाचे घर असेल आणि लाईट वर्षातून चार-सहा वेळाच इतकी रेंगाळत असेल, तर मी आधी गच्चीवर आणखी एक हजार लिटरची टाकी बसवायला सांगेन. टाकीला तेल लागत नाही, आवाज नाही, धूर नाही. जिथे बिऱ्हाडे जास्त आहेत, घरात आजारी किंवा म्हातारे माणूस आहे किंवा सगळा भार बोरिंगवरच आहे, तिथे मात्र जनरेटर हवाच.

घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर मोटर लावायचा विचार मनातून काढून टाका. तो पंखे-दिव्यांसाठी असतो.

मोटरची पाटी वाचा

दुकानात जायच्या आधी मोटरवरची पत्र्याची पाटी पुसा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढा. पाटीवर एचपी, व्होल्ट, अँपिअर आणि सिंगल फेज की थ्री फेज हे लिहिलेले असते. सबमर्सिबल बोरिंगमध्ये खाली असल्याने तिची पाटी दिसत नाही. तिचे आकडे भिंतीवरच्या पॅनेलच्या झाकणावर किंवा बिलावर सापडतात. तिथेही नसतील तर लाईट असताना इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटरने चालू मोटरचे अँपिअर मोजायला सांगा. पाच मिनिटांचे काम आहे आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा राहतो.

एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, पण ही मोटरने पंप फिरवायला दांड्यावर दिलेली ताकद झाली. मोटर स्वतः त्याहून जास्त खाते. एक एचपीची घरगुती मोटर साधारण ११०० ते १२०० वॅट ओढते, म्हणजे सहा अँपिअरच्या आसपास. इथवर वाचून बहुतेक जण ठरवतात की दीड-दोन केव्हीएचा (केव्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले हजार) जनरेटर पुरेल. आम्हीही तेच ठरवले होते.

पहिल्या सेकंदाचा हिशेब

आमची बोरिंगची मोटर दीड एचपीची, सुमारे तीनशे फुटांवर सोडलेली. एका उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हा घाईघाईत अडीच केव्हीएचा जनरेटर भाड्याने आणला. देणाऱ्याने सांगितले, 'दीड एचपी आरामात ओढेल.' मी पॅनेलचे हिरवे बटण दाबले. जनरेटरचा आवाज एकदम खाली बसला, जिन्यातला बल्ब नारिंगी होऊन विझत आला, पॅनेलमधून टर्रर्र असा आवाज सुटला आणि पाणी काही आले नाही. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा बटण जरा जास्त वेळ दाबून धरले, तर पॅनेलमधला स्टार्टचा कंडेन्सर फुगून फुटला आणि जळक्या प्लास्टिकचा वास जिनाभर पसरला. संध्याकाळी मिस्त्री आला. जनरेटरकडे बघून म्हणाला, "ताई, दम ही नहीं है इसमें. ज़ोर तो शुरू में ही लगता है." मोटरचे वाइंडिंगही गेले होते. वीस-वीस फुटांचे पंधरा पाइप चेनपुलीने एकेक करून वर काढायचे, मोटर रिवाइंडिंगला द्यायची आणि मग सगळे परत खाली सोडायचे. चार दिवस आठ बिऱ्हाडे टँकरवर होती.

मिस्त्री म्हणाला ते शब्दशः खरे आहे. थांबलेली मोटर फिरायला लागते त्या क्षणी ती चालू असतानाच्या पाच-सहापट करंट ओढते. सहा अँपिअरची मोटर सेकंदभर तीस-पस्तीस अँपिअर मागते. पस्तीस गुणिले दोनशे तीस म्हणजे आठ हजार व्हीए, आठ केव्हीए! वीज कंपनीची लाईन हा झटका सहज पचवते, कारण तिच्यामागे अख्खा ट्रान्सफॉर्मर असतो. जनरेटरमागे एवढेसे इंजिन. चांगला जनरेटर क्षणभर आपल्या ताकदीच्या दोन-अडीचपट देऊ शकतो आणि व्होल्टेज थोडे खाली येऊन मोटर उचलली जाते. त्याहून लहान असला तर व्होल्टेज इतके कोसळते की मोटर फिरतच नाही, जागच्या जागी घुमत राहते आणि तापते. जनरेटर मोटर सुरू करण्यासाठी घ्यायचा असतो. जो सुरू करू शकतो तो चालवू शकतोच.

सिंगल फेजसाठी मी हे आकडे धरते: अर्ध्या एचपीला दोन केव्हीए, एक एचपीला तीन ते साडेतीन, दीड एचपीला पाच, दोन एचपीला सहा ते साडेसात. पाच एचपीच्या थ्री फेज मोटरला साधा स्टार्टर असेल तर साडेबारा ते पंधरा केव्हीए. ही अनुभवाची मोजपट्टी आहे. मोटर जुनी असेल किंवा बोरिंग खोल असेल तर वरच्या बाजूला जा.

दुकानात दोन गोष्टी विचारायला विसरू नका. जनरेटरवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुधा कमाल ताकदीचा असतो. सतत मिळणारी ताकद, जिला रेटेड म्हणतात, ती खाली बारीक अक्षरात असते. हिशेब तिच्यावर करायचा. दुसरी गोष्ट केव्हीए आणि किलोवॅट यांची. मोठ्या डिझेल सेटमध्ये दहा केव्हीए म्हणजे बहुतेक वेळा आठच किलोवॅट. शिवाय इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. विरळ आणि तापलेल्या हवेत इंजिनाची ताकद काही टक्के कमी होते. काठावरचा जनरेटर हिवाळ्यात मोटर उचलतो आणि नेमका उन्हाळ्यात हात टेकतो, तो यामुळे.

सुटकेससारखे दिसणारे कमी आवाजाचे इन्व्हर्टर जनरेटर दिव्यांना आणि संगणकाला फार छान, पण अशा झटक्याला ते लगेच ट्रिप होतात. मोटरसाठी घ्यायचा असेल तर आपली मोटर त्यावर सुरू करून दाखवा, असे दुकानदाराला सांगा. महाराणी रोडवर मोटरचेच काम करणारे पुष्कळ आहेत. तिथे पाटीचा फोटो दाखवला की समोरचा माणूस दोन मिनिटांत मुद्द्यावर येतो.

नवा थ्री फेज पंप बसवणारच असाल, तर सावकाश वेग वाढवणारा व्हीएफडी लावण्याचा विचार करा. झटका जवळपास नाहीसा होतो आणि लहान जनरेटर पुरतो. कंडेन्सरवाल्या सिंगल फेज मोटरला मात्र साधा व्हीएफडी लावता येत नाही.

चेंजओव्हर: यात तडजोड नाही

सगळा लेख सोडून एवढाच भाग वाचला तरी चालेल, कारण इथे दुसऱ्याचा जीव आहे.

दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर पुष्कळ घरांत असते. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरे घरातल्या सॉकेटमध्ये, की घरभर वीज! मेन स्विच पाडायचा राहिला तर हीच वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, खांबावरच्या तारांत आणि तिथून ट्रान्सफॉर्मरमध्ये. ट्रान्सफॉर्मर अकरा हजार व्होल्टचे दोनशे तीस करतो, तसाच उलटा भरला तर दोनशे तीसचे अकरा हजार करतो. लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या लाईनमनच्या हातात ती तार असते. आमच्या गल्लीत पावसात फांदी काढायला आलेला एक मुलगा, विशी-बाविशीचा, टेस्टर लावून बघताच झटकन खाली उतरला आणि दारोदार हात जोडून विचारत फिरला, "किसने चलाया है? बंद कर दो." शेजारच्या काकांनी प्लग ओढला तेव्हा त्यांचे हात थरथरत होते. त्या मुलाने टेस्टर लावला म्हणून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी काकांनी ती वायर स्वतः कापून टाकली.

म्हणून चेंजओव्हर स्विच. त्याला तीन जागा असतात: मेन, बंद, जनरेटर. एका वेळी एकच जोडणी होते, दोन्ही कधीच नाही. सिंगल फेजला दोन पोलचा घ्या, म्हणजे फेजबरोबर न्यूट्रलही तुटतो. थ्री फेजला चार पोलचा. अँपिअर मोटरच्या चालू करंटपेक्षा भरपूर वरचे असावेत. एक-दोन एचपीला ३२ अँपिअरचा ठीक.

तो बसवायचा कुठे, याबद्दल माझे मत ठाम आहे. अख्ख्या घराच्या मेनवर न बसवता फक्त मोटरच्या लाईनवर, पॅनेलच्या अगदी आधी बसवा. मग जनरेटरवर मोटर एकटीच राहते. चुकून गीझर किंवा एसी चालू राहिला आणि त्याच वेळी मोटरचा झटका आला, असे होत नाही. खर्चही कमी येतो.

अर्थिंग आणि वायर

मोटर, पाणी आणि ओले पाय एकाच जागी येतात, म्हणून जनरेटरच्या अंगावरचा अर्थिंगचा स्क्रू इमारतीच्या अर्थिंगला जाड तांब्याच्या वायरने जोडलेला हवा. मोटरच्या लाईनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबीही, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विचही हवा. यात एक खोच आहे. बऱ्याच लहान जनरेटरमध्ये न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो. अशा वेळी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबले तर तो पडतो आणि आपण निश्चिंत होतो, पण मोटरच्या अंगात खरोखर करंट उतरला तर तो पडेलच असे नाही, कारण करंटला परतीची वाट नसते. त्यासाठी जनरेटरपाशी न्यूट्रल आणि अर्थ एकाच जागी जोडावे लागतात. तुमच्या जनरेटरमध्ये ते जोडलेले आहेत का, हे इलेक्ट्रिशियनला मीटर लावून बघायला सांगा.

वायरबद्दल एक उदाहरण देते. जनरेटर फाटकाजवळ, मोटर मागच्या हौदावर, अंतर तीस मीटर. जाणारी आणि येणारी मिळून साठ मीटर तांबे. दीड स्क्वेअरची (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर जाडीची) वायर टाकली तर सुरुवातीच्या ३५ अँपिअरला जवळजवळ २८ व्होल्ट वायरीतच जिरतात. अडीचची टाकली तर १७ आणि चारची टाकली तर १०. जनरेटरचे व्होल्टेज त्या क्षणी आधीच खाली आलेले असते, त्यात हे अठ्ठावीस गेले की मोटर घुमत बसते. म्हणून एक एचपीला अडीच, त्याहून मोठ्या मोटरला किंवा लांब अंतराला चार स्क्वेअर. घरातली इस्त्रीची एक्स्टेन्शन बोर्डाची वायर यासाठी नाही.

जागा

जनरेटर उघड्यावर, वर पत्रा आणि चारही बाजू मोकळ्या. खिडकी-दारापासून निदान वीस फूट. पार्किंगमध्ये, जिन्याखाली, डक्टमध्ये, तळघरात कधीही नाही, पाऊस असला तरी नाही, शटर अर्धे वर करूनही नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणसाला डोके जड वाटते, झोप आल्यासारखे होते आणि तो तिथेच बसतो. सायलेन्सरचे तोंड हौदाच्या झाकणाकडे नको, कारण हौदात उतरून मोटरचा फूटव्हॉल्व्ह बघणारे कुणी ना कुणी असते. रात्री दहा ते सकाळी सहा वस्तीत आवाजाची मर्यादा फार कडक आहे. टाकी दहाच्या आत भरून घ्या.

चालू करण्याचा क्रम

तेलाची पातळी बघा, मग पेट्रोल. हौदात पाणी आहे याची डोळ्यांनी खात्री करा, कारण कोरडी मोटर कुठल्याही विजेवर जळते. चेंजओव्हर मधल्या जागी, म्हणजे 'बंद'वर. मोटरचा स्विचही बंद.

आता जनरेटर रिकामा सुरू करा. चोक लावा, दोरी आधी हळू ओढून अडकेपर्यंत आणा, मग एका दमात ओढा. इंजिन लागले की चोक हळूहळू काढा आणि तीन-चार मिनिटे त्याला तसेच चालू द्या. घाई इथेच होते. थंड इंजिनावर झटका दिला की ते बंद पडते. व्होल्टमीटर बघा: रिकामे असताना २३० ते २४५ दिसायला हवेत. फ्रीक्वेन्सी दिसत असेल तर ती ५१-५२ असते, भार पडला की पन्नासच्या आसपास उतरते.

मग चेंजओव्हर 'जनरेटर'वर आणि शेवटी मोटर.

डिलिव्हरीचा, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या पाइपावरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा की बंद, हे पंपावर अवलंबून आहे आणि इथे बरेच मिस्त्रीही चुकतात. मोठ्या सेंट्रिफ्युगल मोनोब्लॉकला (मोटर आणि पंप एकाच अंगात असलेल्या पंपाला) किंवा सबमर्सिबलला व्हॉल्व्ह पाऊण बंद ठेवून सुरू केले तर भार हलका पडतो आणि मोटर लवकर वेग घेते. मग दहा-पंधरा सेकंदांत तो सावकाश उघडायचा. पण घराघरांतले अर्ध्या-एक एचपीचे सेल्फ प्रायमिंग पंप, ज्यांना इथे सगळे सरसकट टुल्लू म्हणतात, त्यांची तऱ्हा उलटी आहे. त्यांच्यावर व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात जास्त भार येतो. त्यांना पूर्ण उघड्यावरच सुरू करा. (आणि हे पंप नळाच्या लाईनला थेट कधीच लावू नका, लाईट असो वा नसो. लाईनमध्ये ओढ बसली की कुठल्याशा फटीतून गटाराचे पाणी आत येते आणि ते शेजारच्या लेकरांच्या पोटात जाते.)

सबमर्सिबलच्या पॅनेलचे बटण दोन सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका. मोटर उचलली की आवाज बदलतो: जनरेटर खाली बसतो, लगेच सावरतो आणि एकसारखा घरघरत राहतो. तीन सेकंदांत सावरला नाही तर बंद करा. पुन्हा प्रयत्न करायचा तर दोन-तीन मिनिटांनी, आणि तोही एकदाच. मधला वेळ यासाठी की एनआरव्ही (पाणी परत खाली येऊ न देणारा व्हॉल्व्ह) गळका असेल तर पाइपातले पाणी खाली उतरताना पंप उलटा फिरवते. उलट्या फिरणाऱ्या मोटरला सुरू केले तर झटका आणखी मोठा बसतो.

चालू असताना एकदा व्होल्टमीटर बघा. दोनशेच्या खाली असेल तर टाकी भरायचा मोह सोडा. मोटरजवळ हात नेऊन बघा, ती नेहमीपेक्षा जास्त तापते आहे का. आमच्या इमारतीत हजार लिटरची टाकी अर्ध्या एचपीच्या पंपावर पस्तीस-चाळीस मिनिटांत भरते आणि तेवढ्यात पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल जाते. पेट्रोल संपून जनरेटर आपोआप बंद पडू देऊ नका. संपताना तो आचके देतो आणि व्होल्टेजचे ते हेलकावे मोटर सोसते.

बंद करताना सगळे उलट्या क्रमाने: आधी मोटर, मग चेंजओव्हर मधल्या जागी, जनरेटर दोन-तीन मिनिटे रिकामा, मग तोही बंद. लाईट आल्यावर चेंजओव्हर 'मेन'वर. पेट्रोल भरायचे तर इंजिन थंड झाल्यावर, दहा-पंधरा मिनिटांनी.

महिन्यातून एकदा

जनरेटर पडून राहिला की बिघडतो. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते आणि कार्बोरेटर चिकटतो. काम झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत रिकामे चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. (मघाशी पेट्रोल संपू देऊ नका म्हटले ते मोटर जोडलेली असतानाचे.) नव्या इंजिनाचे तेल पहिल्या वीस तासांनी बदला, पुढे शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी आम्ही मोटर लावून पंधरा मिनिटे जनरेटर चालवतो. नुसता रिकामा चालवून उपयोग नाही, मोटर उचलतो की नाही तेच बघायचे असते. मृगाच्या आधीच्या रविवारी कंडेन्सरही तपासून घेतो, कारण जुना कंडेन्सर लाईनवर चालतो आणि जनरेटरवर दगा देतो.

आमच्या पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद चिकटवला आहे. त्यावर मोटरचे एचपी आणि अँपिअर, कंडेन्सरचे आकडे, सुरू आणि बंद करण्याचा क्रम, मिस्त्रीचा नंबर आणि तार तुटल्याची खबर द्यायला १९१२. मी गावाला गेले तर दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तो कागद वाचून टाकी भरतात.